मदत हवी आहे : अरेनास दे गेचो या क्लबच्या लीग हंगामांविषयी

नमस्कार. स्पेनच्या बास्क प्रदेशात, बिल्बाओजवळच्या गेचो या गावातील अरेनास या फुटबॉल क्लबवर मी मराठीत एक सविस्तर टिपण तयार करत आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या या क्लबने १९१९च्या स्पॅनिश राष्ट्रीय चषकाच्या (कोपा देल रे) अंतिम सामन्यात बार्सिलोनाला जादा वेळेत ५-२ असे हरवले होते. या विजेतेपदामुळेच १९२९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लीगच्या पहिल्या १० संघांत त्याला स्थान मिळाले. १९२९-३०च्या हंगामात तर अ‍ॅथलेटिक बिल्बाओ आणि बार्सिलोना यांच्या पाठोपाठ हा संघ तिसरा आला, ही कामगिरी मला फार मोलाची वाटते.

मात्र १९३४-३५च्या हंगामाअखेर तो पहिल्या श्रेणीतून खाली घसरला आणि पुन्हा कधीच वर आला नाही. १९२६मध्ये व्यावसायिक फुटबॉलला मान्यता मिळाल्यानंतर वाढलेला खर्च छोट्या गावाच्या क्लबला पेलला नाही, असा माझा तर्क आहे. त्याला पुष्टी देणारे किंवा तो खोडून काढणारे लेखन कोणाच्या वाचनात आले आहे का? तसेच, स्पॅनिश वाचता येणाऱ्या कोणी त्या काळातील वृत्तपत्रांतून अरेनासच्या सामन्यांची वर्णने शोधून त्यांचा आशय मराठीत सांगितल्यास मी अत्यंत आभारी राहीन.