गणपती होऊन गेले तरी शीण जात नाहीये, नुसतं रिकामं वाटतं

भरतीओहोटी (गुहागर):
मे महिन्यात आंबा, आमसुलं, होमस्टेचे पाहुणे, मग लावणी, मग गणपतीला घरभर चाकरमानी. कामाची सवय आहे मला, त्याचं काही नाही. पण आता रात्रभर झोपूनही सकाळी उठायला नको वाटतं. परवा लेक चित्रकलेत नंबर आला म्हणून नाचत आली, मी "बरं, हातपाय धू" एवढंच बोलले, तिचं तोंड उतरलेलं दिसलं तरी काही वाटलं नाही. सासूबाईंची औषधं, जेवणखाण सगळं वेळेवर चालू आहे म्हणून कोणाला कळतही नाही. मिक्सरच्या आवाजाने मात्र जीव नको होतो. नवरा म्हणतो चार दिवस माहेरी जाऊन ये. कोणाला झालंय का असं?

आगाशीवरची:
आधी रक्त तपास. हिमोग्लोबिन, थायरॉईडचं टीएसएच, बी१२. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया निघाला होता, आणि आपण श्रावणातले उपास चहावर काढतो (जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह नीट अंगी लागत नाही, ते वेगळंच). चाळिशी आली असेल तर डॉक्टरला पाळीचंही सांग.

देवगडची_सून:
गो बाय, तुझा वाचून माझाच वाटला. माहेरी जाऊन काय होणार, तिकडेपण फोन येतात, कुळथाचं पीठ कुठल्या डब्यात. कामापेक्षा सगळ्यांचं लक्षात ठेवून ठेवून डोकं शिणतं. मी सिलिंडर नवऱ्याकडे दिला, म्हणजे बुकिंगपासून संपत आलाय का बघण्यापर्यंत सगळं. एकदा ऐन जेवणाच्या वेळी संपला, मी गप्प बसले, त्यानेच चूल पेटवली डोळे चोळत. आता बरोबर आणतो. नुसतं मदत कर म्हटलं की काय करू ते सांगायचं काम परत आपल्याच गळ्यात. यंदा गणपतीला जावांनाही ग्रुपवर आधीच दिवस वाटून दिले, एक फुगली, फुगू दे.

खाडीपलीकडे:
मी नर्स आहे म्हणून सांगते, लेकीचा आनंद न वाटणं हे हलक्यात घेऊ नका. दोन आठवडे रोज असंच असेल, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलीय, तर डिप्रेशनही असू शकतं, अंगावर काढू नका. टेलीमानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठी हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगायला नको असं मनात आलं तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि फोन करा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नावाला लोक दचकतात, पण तिथे तपासायला येणारी माणसं तुमच्याआमच्यासारखीच असतात.

भरतीओहोटी:
सोमवारी रक्त देऊन येते. त्या नंबरवरही बोलेन, दुपारी सगळे झोपले की. सिलिंडरचं नवऱ्याला सांगितलं, "हो" म्हणाला, बघू. सासूबाईंना काय सांगू पण? त्यांना मनाचं वगैरे पटत नाही.

आगाशीवरची:
डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय म्हण. डॉक्टरचं नाव घेतलं की सासवा ऐकतात.