मदत हवी आहे : लिनस टोरवाल्ड्सची अमेरिका

मंडळी, आमच्या वाचनालयात लिनस टोरवाल्ड्सवर बोलायचंय. १९९१ला हेलसिंकीत शिकताना त्याने लिनक्स (संगणक चालवणारी प्रणाली) बनवली, २००५ला गिट (प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), एवढं जमलंय. गाडी अडलीय ती माणसावर. हा स्वीडिश बोलणारा फिनलंडचा माणूस १९९७ला अमेरिकेत गेला, २०१०ला नागरिकही झाला. तिथलं रोजचं जगणं त्याला कसं दिसलं असेल? फिनलंडमध्ये दुकानातल्या किमतीत कर धरलेला असतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो बिलावर चढतो. (तो स्थायिक झाला त्या ऑरेगनात मात्र विक्रीकरच नाही, नशीबवान!) वर टिप, फॅरनहाइट आणि नोकरीला बांधलेला आरोग्यविमा.

दोन्हीकडे राहिलेलं कुणी आहे का इथे? काय खटकलं, काय आवडलं, सांगा ना. आणि 'कर्नल'ला (संगणक प्रणालीचा अगदी आतला, मुख्य भाग) मराठीत काय म्हणू? 'गाभा' चालेल? नाहीतर पहिल्या रांगेतले आजोबा फौजेतला समजतील.