मदत हवी आहे: जर्मन युद्धकैदी छावणीची माहिती कुठे मिळेल?

रानवारा
नमस्कार मंडळी. आईचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होते. छावणी कुठली, तिथे काय झालं, कागदपत्रं कुठे मिळतील? गूगल केलं की ज्यूंच्या छावण्यांचंच येतंय. मामाचं वय झालंय, जरा लवकर सांगा. माहितगारांनीच लिहा, प्लीज.

खडूस काका
पलटण कुठली? पकडले कुठे? सैनिक क्रमांक? नुसतं "आजोबा होते" यावर कोण काय सांगणार?

सुभेदारपुत्र
मराठा पलटणीतले असतील तर उत्तर आफ्रिकेतलं तोब्रुक! २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं, त्यात २/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची दुसरी बटालियन) सापडली. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला साधा अर्ज टाका, ऑनलाइनच्या भानगडीत पडू नका.

भटकभवानी
बर्लिनजवळ व्युन्सडोर्फला जरूर जा! कैद्यांसाठी १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीद बांधली होती. भारतीय शिपायांच्या आवाजाच्या तबकड्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या संग्रहात आजही आहेत. शेजारच्या झेह्रेन्सडोर्फला त्यांची दफनभूमी आहे, फार सुंदर राखलीय. नोव्हेंबरात जाऊ नका, गारठून जाल.

खडूस काका
ताई, ते पहिलं महायुद्ध.

रानवारा
पलटण घरात कुणालाच माहीत नाही. गाव कोरेगाव तालुक्यातलं. एक कार्ड आहे, वर जर्मन छापलेलं, खाली पेन्सिलीने चार ओळी: तब्येत ठीक आहे, बैल विकू नका.

स्वराज्य७७
जर्मनीत भारतीय कैदी म्हणजे नेताजींची सेना! आनाबुर्गच्या छावणीतून भरती, मग क्योनिग्सब्र्युकला प्रशिक्षण. पणजोबा त्यातच असणार. अभिमान बाळगा.

खडूस काका
"असणार" कशावरून? लीजनमध्ये, म्हणजे नेताजींच्या त्या सेनेत, तीनेक हजार लोक, कैदी त्याहून कितीतरी जास्त. शिवाय आफ्रिकेत पकडलेले आधी इटलीच्या ताब्यात जायचे. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने हात टेकले, तेव्हा जर्मनांनी उरलेल्यांना उचललं.

स्वराज्य७७
तुम्हाला नेताजींचं नाव आलं की पोटात का दुखतं?

जुनी_तिकिटे
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. रानवारा, कार्डावर पाठवणाऱ्याच्या नावाखाली कैदी क्रमांक आणि छावणीचं नाव असतं. ते बघून लिहा. आणि कार्ड लॅमिनेट करू नका, हात जोडते.

रानवारा
"फ्रंटस्टालाग ३१५" असं काहीतरी आहे. हे जर्मनीत कुठे येतं?

जुनी_तिकिटे
जर्मनीत येतच नाही! हे पूर्व फ्रान्समधलं एपिनाल. जर्मनांनी तिथल्या फ्रेंच लष्करी बराकीत भारतीय कैदी ठेवले होते, हजारोंनी. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, ते छावणीवरही पडले. कैदी मेले, भिंती कोसळल्या आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळांनी धूम ठोकली. फ्रेंच खेडुतांनी त्यांना खाऊ घातलं, लपवलं, वाट दाखवली. पाचशेच्या आसपास लोक स्वित्झर्लंडला पोचले. एवढं मोठं पलायन आणि आपल्याकडे कुणाला पत्ता नाही, याचा राग येतो.

आता काम. जिनिव्हाच्या रेडक्रॉस अभिलेखागारात युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत. दुसऱ्या महायुद्धाचे अर्ज ते ठरावीक वेळीच आणि मोजकेच घेतात, म्हणून कागद आधी जुळवा: पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, कैदी क्रमांक. बेळगावचा अर्जही टाकाच, सुभेदारपुत्र बरोबर सांगताहेत. फक्त पलटण मराठाच होती हे कुणी ठरवलं? महार, पायोनियर, सप्लाय, काहीही असू शकतं.

सुभेदारपुत्र
कोरेगाव म्हणजे मराठाच. पेन्शन मिळत होती का? जिल्हा सैनिक कार्यालयात जुनं रजिस्टर निघतं.

रानवारा
पेन्शन नकोय हो काका. मामा म्हणतात, आजोबा "बर्फाच्या डोंगराखाली गोठ्यात राहिलो" असं सांगायचे. आम्ही ते जर्मनीच समजत होतो. कार्डावरची तारीख पुसट आहे, ४४ वाटतंय.

जुनी_तिकिटे
महिना कुठला? मे च्या आधीचं की नंतरचं, त्यावर सगळं आहे. उजेडात तिरकं धरून फोटो काढा, दोन्ही बाजूंचा.

भटकभवानी
एपिनालला ट्रेनने जाता येतं का?