मदत हवी आहे: जिओकॅशिंगच्या ॲडव्हेंट मालिकेतील ४ डिसेंबरचे ‘बार्बरा’ कोडे

नेकारकाठी (स्टुटगार्ट)

नमस्कार. येथे कोणी नियमितपणे जिओकॅशिंगची, म्हणजे जीपीएसच्या साहाय्याने लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळाची, कोडी सोडवत असल्यास तातडीने मदत हवी आहे. आमच्या भागात डिसेंबरमध्ये ॲडव्हेंट कॅलेंडरच्या धर्तीवर एक मालिका असते. १ तारखेपासून २४ तारखेपर्यंत रोज एक नवे कोडे प्रसिद्ध होते, ते सुटले की लपवलेल्या डबीचे खरे अक्षांश-रेखांश मिळतात, आणि मी ते सकाळी कामावर जाताना ट्राममध्ये बसून सोडवतो. आधीची कोडी माझा थांबा येण्यापूर्वीच सुटली होती, ‘बार्बरा’ मात्र हलायला तयार नाही.

कोड्यात एकच चित्र आहे. फुलदाणीत चेरीच्या पाच फांद्या आहेत आणि प्रत्येक फांदीवर दहा कळ्या, म्हणजे एकूण पन्नास. ‘बार्बरा’ या नावाच्या रोमन अक्षरांना ए म्हणजे १, बी म्हणजे २ असे आकडे देऊन बेरीज केली तर ४३ येते, पण तिचे पुढे काय करायचे ते कळत नाही. ४ आणि १२ हे तारखेचे आकडे वापरून पाहिले, तरीही चेकर (उत्तर तपासणारे पान) लालच दाखवतो. प्रत्येक डबीच्या झाकणात एक अंक आहे आणि सर्व अंक जमवल्याशिवाय २४ तारखेची बोनस डबी मिळत नाही, त्यामुळे हे कोडे सोडून पुढे जाणे शक्य नाही. पाच फांद्या आणि पन्नास कळ्यांवरून काय निघू शकेल?

रानवाट (न्युरेंबर्ग)

तुम्ही दिलेल्या माहितीवर कोणालाही काही सांगता येणार नाही. कोड्याच्या पानावर कोणते अक्षांश-रेखांश छापलेले आहेत, काठिण्य किती दिले आहे आणि इशारा काय आहे, हे आधी लिहा. निळ्या प्रश्नचिन्हाच्या डब्यांमध्ये छापलेली जागा खोटी असली तरी खरी डबी तिच्यापासून साधारण तीन किलोमीटरच्या आतच असावी लागते, म्हणून त्या आकड्यांवरून निम्मे उत्तर आधीच ठाऊक असते. दुसरे असे, की सर्व कळ्या सारख्याच आहेत का?

ज्यांना संदर्भ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ४ डिसेंबर हा संत बार्बरेचा दिवस. त्या दिवशी येथे चेरीची फांदी कापून उबदार खोलीत पाण्यात ठेवतात आणि ती नाताळपर्यंत फुलावी अशी अपेक्षा असते. बार्बरेला तुरुंगात नेत असताना एक डहाळी तिच्या वस्त्रात अडकली, तिने त्या डहाळीला पाणी घातले आणि मृत्युदंडाच्या दिवशी ती फुलली, अशी आख्यायिका आहे.

हिशेबनीस (नाशिक)

मी हा खेळ खेळत नाही, परंतु सांकेतिक लिपींचा अभ्यास बरीच वर्षे करतो आहे. पन्नास हा आकडा पाहताच उत्तर स्पष्ट होते. पन्नास म्हणजे पाच-पाचचे दहा गट, आणि पाच-पाचचे गट म्हणजे फ्रान्सिस बेकनची द्विवर्णी लिपी. दोन प्रकारच्या खुणा पाच-पाचच्या गटांत मांडून त्याने सगळी अक्षरे लिहिण्याची सोय केली होती. दहा अक्षरांचा एखादा जर्मन शब्द निघेल, तो शोधावा.

सह्यकडा (पुणे)

आपण फोनवर खेळता की स्वतंत्र जीपीएस यंत्रावर? झाडीत फोनची जागा दहा-पंधरा मीटर सहज सरकते आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते. पेन्सिल सेलवर चालणारे, बटणांचे यंत्र घ्यावे, कारण हातमोजे घातल्यावर स्पर्शपडदा चालत नाही. मात्र उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घेतल्यास ते भारतात येताना सोबत आणू नये. त्याला येथे परवाना लागतो आणि विमानतळावर अडवले गेल्याची उदाहरणे आहेत.

नेकारकाठी

सह्यकडा, अजून डबी कुठे आहे हेच ठाऊक नसताना यंत्राचा प्रश्न उद्भवत नाही.

रानवाटताई, छापलेली जागा किलेसबर्ग उद्यानातील आहे, म्हणजे उत्तरेचे ४८ अंश ४८ मिनिटे आणि पूर्वेचे ९ अंश १० मिनिटे. दशांश लिहीत नाही, कारण ते खोटेच आहेत. काठिण्य पाचपैकी अडीच आहे. इशारा निरुपयोगी वाटला म्हणून दिला नव्हता: ‘काही अजून झोपल्या आहेत.’ कळ्यांपैकी काही उमललेल्या आहेत आणि काही मिटलेल्या, पण झाडावर तसे असतेच.

जुनाखेळाडू (सिॲटल)

या धाग्याविषयी मला मूलभूत आक्षेप आहे. मे २००० मध्ये अमेरिकी सरकारने जीपीएसमधील मुद्दाम ठेवलेली अशुद्धता काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगॉनमधील बीव्हरक्रीकजवळ पहिला डबा लपवला गेला. तेव्हापासून एक संकेत पाळला जातो, तो असा की कोड्याचे उत्तर उघड्यावर मांडायचे नाही. ज्याने चित्र काढले, डबी लपवली आणि जो ती थंडीत अधूनमधून तपासायला जातो, त्यालाच पत्र लिहावे. बहुतेक मालक आनंदाने योग्य दिशेला बोट दाखवतात. नाही तर ज्याला आधीच सापडली आहे अशा खेळाडूला खाजगीत विचारावे.

रानवाट

संकेत मलाही मान्य आहे, म्हणूनच मिनिटांच्या दशांशाचे शेवटचे तीन-तीन आकडे येथे कोणीही लिहू नयेत. परंतु पद्धत समजावून सांगणे म्हणजे उत्तर फोडणे नव्हे. जर्मनीत तर अशा मदतीला ‘टेलिफोन जोकर’ म्हणतात आणि लोक डबीतील नोंदवहीत तसे मोकळेपणाने नोंदवतात.

नेकारकाठी, झाडावर तसे असतेच, पण चित्र काढणाऱ्याने कोणती कळी मिटलेली दाखवायची हे ठरवून काढलेले असते, आणि तुमचा इशारा नेमके तेच सांगतो. पहिल्या फांदीवरील क्रम लिहा.

नेकारकाठी

पहिली फांदी: दोन मिटलेल्या, चार उमललेल्या, चार मिटलेल्या. चौथ्या फांदीच्या बुडाशी पाचही उमललेल्या आहेत. बाकीच्या फांद्यांवरही असेच तुकडे-तुकडे आहेत. २-४-४ हे थेट आकडे म्हणून घालून पाहिले, उपयोग झाला नाही.

हिशेबनीस

मी सांगितले तेच सिद्ध झाले. दोन प्रकारच्या खुणा, पाच-पाचचे गट. मिटलेली म्हणजे ‘अ’, उमललेली म्हणजे ‘ब’ धरून वाचा.

रानवाट

हिशेबनीस, गट पाचचेच आहेत, पण लिपी बेकनची नाही. टिंब आणि रेघांच्या मोर्स लिपीत अक्षरांची लांबी वेगवेगळी असली तरी अंक मात्र सर्व पाच खुणांचे असतात. १ म्हणजे एक टिंब आणि चार रेघा, २ म्हणजे दोन टिंबे आणि तीन रेघा, असे ५ पर्यंत, जिथे पाचही टिंबे असतात. त्यानंतर ६ म्हणजे एक रेघ आणि चार टिंबे, असे शून्यापर्यंत, जिथे पाचही रेघा असतात. आणि आपल्याला दहाच अंक हवे आहेत: उत्तरेच्या मिनिटांचे दोन, त्यांच्या दशांशाचे तीन, पूर्वेच्या मिनिटांचे दोन आणि दशांशाचे तीन. अंश सांगण्याची गरजच नसते.

ओळखण्याची खूण अशी, की मोर्सच्या अंकात टिंबांवरून रेघांवर किंवा रेघांवरून टिंबांवर बदल जास्तीत जास्त एकदाच होतो. पाच जागांवर दोन खुणा मांडण्याचे ३२ प्रकार होतात आणि त्यांपैकी एकच बदल असलेले किंवा मुळीच बदल नसलेले बरोबर १० आहेत. दहाच्या दहा गट असे निघाले, तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता साधारण लाखात एक येते. बेकनच्या लिपीत लिहिलेला जर्मन शब्द इतका शिस्तीत बसणार नाही. तेव्हा नेकारकाठी, मिटलेली कळी टिंब आणि उमललेली रेघ धरून पाहा.

गोमंतकी (मडगाव)

फार रंजक चर्चा आहे. आमच्याकडे नाताळात घरोघरी आकाशकंदिलासारखे तारे लागतात आणि गोठ्यांच्या देखाव्यांच्या स्पर्धा होतात. ताऱ्याला पाच टोके असतात, म्हणजे मोर्सचा एक अंक एका ताऱ्यात बसेल. येथे अशी मालिका का कोणी काढू नये? दिवाळीत मुलांनी केलेल्या किल्ल्यांवरूनही ती काढता येईल.

सह्यकडा

चित्रातल्या किल्ल्यांवरून खुशाल काढावी, पण खऱ्या किल्ल्यांवर डबी ठेवू नये. संरक्षित स्मारकात अशी वस्तू लपवल्यास अडचण होईल. शिवाय आपल्याकडे प्रत्येक रेल्वे स्थानकावर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ अशी घोषणा होत असते. झाडाच्या ढोलीत काळ्या टेपने गुंडाळलेली डबी सापडली तर गर्दी जमेल ती वेगळीच. परदेशातही असे घडलेले आहे. इंग्लंडमधील वेदरबी येथे २०११ मध्ये अशाच एका डबीपायी रस्ता बंद करून ती स्फोट घडवून नष्ट करावी लागली होती.

नेकारकाठी

मोर्स चालत नाही. पहिल्या फांदीतून २ आणि ६ निघतात, म्हणजे उत्तरेची मिनिटे २६. ती जागा किलेसबर्गपासून कितीतरी दूर आहे. बेकनच्या पद्धतीने दहा अक्षरे काढली तर त्यातून एकही उच्चारता येण्यासारखा शब्द होत नाही. आज ५ तारीख संपत आली, उद्या संत निकोलसच्या दिवसाचे (मुलांच्या बुटांत खाऊ ठेवण्याचा दिवस) कोडे येईल आणि हे तसेच पडून राहील. कोणी ठोस सांगू शकेल का?

हिशेबनीस

मोर्स बाद झाला हे उत्तम झाले. बेकनच्या लिपीत ‘अ’ आणि ‘ब’ यांची अदलाबदल करून पुन्हा पाहावे. तसेही न जमल्यास चित्राची मूळ फाईल उतरवून घ्यावी आणि प्रत्येक रंगाचा शेवटचा बिट तपासावा. माहिती तेथे दडवलेली असण्याची शक्यता मला आता अधिक वाटते.

जुनाखेळाडू

अडीच काठिण्याच्या, कुटुंबांसाठी काढलेल्या नाताळच्या मालिकेत कोणीही बिट तपासायला लावत नाही. काठिण्याचा आकडा त्यासाठीच दिलेला असतो. माझा आक्षेप कायम आहे, पण चुकीचा सल्ला वाचूनही गप्प राहवत नाही.

रानवाट

नेकारकाठी, तुम्ही फांदी वरून खाली वाचली का? तुम्ही लिहिलेला क्रम शेंड्यापासूनचा आहे असे दिसते.

मोर्सच्या अंकांची गंमत अशी, की कोणताही अंक उलटा वाचला तरी अंकच निघतो. १ चा ९ होतो, २ चा ८, ४ चा ६, आणि ५ व ० आहेत तसेच राहतात. त्यामुळे दिशा चुकली तरी उत्तर वरवर खरेच वाटते आणि माणूस पद्धतीलाच दोष देतो. तुमची फांदी बुडापासून वाचली तर चार मिटलेल्या आणि एक उमललेली हा पहिला गट होतो, म्हणजे ४. पुढे तीन उमललेल्या आणि दोन मिटलेल्या, म्हणजे ८. किलेसबर्गची मिनिटे ४८ आहेत. अक्षांशाचे एक मिनिट साधारण १.८५ किलोमीटरचे असते, म्हणजे ४८ ऐवजी २६ धरल्यास २२ मिनिटांच्या फरकाने तुम्ही सुमारे ४० किलोमीटर दक्षिणेला, थेट स्वाबियन आल्बच्या डोंगरात गेला असता.

टिंब आणि रेघ यांची अदलाबदल केली तर काय होते तेही सांगून ठेवते, म्हणजे तो प्रश्न उरणार नाही. प्रत्येक अंकात पाच मिळवले जातात आणि बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाल्यास दहा वजा होतात. ४८ चे ९३ होतात, आणि मिनिटे ५९ च्या पुढे जाऊच शकत नाहीत. चौथ्या फांदीच्या बुडाशी पाच उमललेल्या कळ्या आहेत असे तुम्हीच लिहिले होते. तो शून्य आहे, आणि ‘१०’ मधला शून्य दहा अंकांत सातव्या जागी, म्हणजे चौथ्या फांदीच्या बुडाशीच यायला हवा. तिसऱ्या फांदीच्या शेंड्याकडील पाच जागांत खालून एक मिटलेली आणि चार उमललेल्या असतील तर पूर्वेचा पहिला अंक १ मिळेल. तेवढे पाहा आणि बाकीचे आकडे येथे न लिहिता चेकरमध्ये घाला.

नेकारकाठी

तिसऱ्या फांदीवर तसेच आहे. चेकर हिरवा झाला. रानवाटताई, मनापासून आभार. मात्र फांदी बुडापासून वाचायची हे चित्रात कोठेही लिहिलेले नाही.

रानवाट

लिहायची गरज नसते, कारण पाणी खालून वर चढते आणि फांदी बुडाकडून शेंड्याकडे वाढते. येथील मालक असे गृहीत धरतात. पुढे संत लूसियाच्या दिवशी, १३ तारखेला, मेणबत्त्यांचा मुकुट येण्याची शक्यता आहे. तेव्हा मेणबत्त्या मोजण्याआधी कोणती पेटलेली आहे आणि कोणती विझलेली, ते लिहून घ्या, आणि येथे विचारायला आलात तर तेही सोबत द्या.

जुनाखेळाडू

वहीत नोंद करताना टेलिफोन जोकर वापरल्याचे अवश्य लिहावे. मालकाला चित्र आवडल्याचे दोन शब्दही लिहावेत. नुसते ‘सापडली, धन्यवाद’ असे लिहिणाऱ्यांची संख्या आधीच पुष्कळ आहे.

हिशेबनीस

तत्त्वतः पाच-पाचचे गट मीच प्रथम सुचवले होते, याची नोंद असावी. निकोलसच्या कोड्यात कोठेही पाचच्या पटीत बूट किंवा अक्रोड दिसल्यास चित्र येथे टाकावे.

नेकारकाठी

डबी मिळाली. उद्यानाच्या कुंपणापलीकडे, ज्या झाडाच्या मुळांमध्ये मी आधी हात घातला नव्हता तेथे, सालीच्या तुकड्याखाली चुंबक लावलेली बारीक नळी होती. वही ओली झाल्यामुळे शाईचे पेन चालेना, शिसपेन्सिलीने नोंद केली आणि टेलिफोन जोकरचा उल्लेखही केला. बोनसचा अंक उतरवून घेतला आहे. निकोलसच्या कोड्यात सात बूट आहेत, हिशेबनीस, त्यामुळे तूर्त चित्र टाकत नाही.

सह्यकडा

अभिनंदन. ती जागा फोनवर सापडली की यंत्रावर, हे कृपया कळवावे.