टीप की टाका? मशीनवरच्या नक्षीचे शब्द

प्रश्न (डिचोली): घरच्या झिगझॅग मशीनवर उशीचे अभ्रे आणि टेबलक्लॉथ सजवायला काही बायकांना शिकवते. त्यांच्यासाठी मराठीत कृती लिहायला घेतली आणि पहिल्याच ओळीत अडले. स्टिचला टाका म्हणावं की टीप? पिनटकला चुणी चालेल का?

उत्तर (फोंडा): ताई, दोन्ही शब्द लागतील, पण जागा वेगळ्या. टाका एकेक असतो, टीप म्हणजे टाक्यांची सलग ओळ. ‘दोन टाके घाल’ म्हटलं की उसवलेलं तेवढ्यापुरतं अडकवायचं, ‘एक टीप मार’ म्हटलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत मशीन चालवायची. म्हणून लांबी-रुंदी टाक्याची, आणि मारायची ती टीप. ‘सॅटिन टाका लावा आणि काठावरून टीप मारा’ हे वाक्य कुणीही शिवणारी बाई एका वाचनात समजेल.

सॅटिनला ‘भरीव टाका’ करू नका. भरीव म्हटलं की आत दोरा भरून उठवलेलं भरतकाम डोळ्यांसमोर येतं. हा तर साधा झिगझॅगच, फक्त अगदी दाट: रुंदी 3-4 मिमी ठेवायची आणि लांबी अर्ध्या मिमीच्या आत आणायची. पातळ सुती कापड यात हमखास आकसतं, म्हणून खाली कागद घ्यायला सांगा. मशीनच्या पायाचंही, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागाचंही, लिहा. खालून खाच असलेला पाय लावला तर दोऱ्याची उंच ओळ त्यातून सरकते. सपाट पायाखाली ती अडते आणि टाके एकाच जागी साठून गुंता होतो.

शिकवताना काजापासून सुरुवात करा, हे मी आवर्जून सांगेन. मशीनवरचं काज म्हणजे दाट झिगझॅगच्या दोन समांतर पट्ट्या आणि दोन्ही टोकांना आडवे टाके. काज करता आलं की सॅटिनचा काठ आलाच. शब्दही आपल्याकडचा जवळचा: पोर्तुगीजमध्ये बटणाच्या भोकाला ‘काझा’ म्हणतात, म्हणजे घर, त्यावरून काज. बटणाला कोकणीत आपण बुतांव म्हणतो, तोही तिथलाच. ‘बटणाचं घर’ म्हटलं की नव्याने शिकणारीच्या लक्षात राहतं.

पिनटकला मात्र चुणी नको. चुण्या म्हटलं की झग्याच्या कमरेला दोरा ओढून गोळा केलेलं कापड. पिनटक म्हणजे सुतासारखी बारीक, ताठ उभी घडी. जोडसुईने, म्हणजे एकाच दांड्याच्या दोन सुयांनी, करताना वर दोन दोरे, खाली बॉबिनचा एकच. तो दोन ओळींत नागमोडी जातो आणि मधलं कापड ओढून वर उचलतो. कापड उलटं करून दाखवा, लगेच कळेल. शब्द पिनटकच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘बारीक उभी घडी’ एवढं जोडा.

प्रतिसाद (म्हापसा): पिकोचंही लिहायला हवं. मूळ फ्रेंच शब्द लेसच्या कडेच्या इवल्या फाशांसाठी आहे. आपल्याकडे पिको-फॉलमधला पिको म्हणजे साडीची कड बांधणारा बारीक झिगझॅग. अभ्र्याच्या सॅटिन काठाला पिको म्हटलंत तर बाया तो साडीसारखा बारीक मारतील आणि कड धुण्यात सुटेल.

डिचोली: मग दोऱ्याच्या ताणासाठी ‘टेन्शन कमी करा’ हे ठेवू का?

फोंडा: नको. ‘वरचा दोरा थोडा सैल करा, बॉबिनचा दोरा वर दिसता कामा नये’ असं लिहा.