मदत हवी आहे: हेडमधला सायलेन्सरचा स्टड फिरत नाही
जुन्या मोटरसायकलच्या इंजिनच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये (सिलिंडरवरचा भाग) सायलेन्सरचा ८ एमएमचा स्टड (बिनडोक्याचा, आटे असलेला स्टीलचा दांडा) गंजून जाम झालाय. नट निघाला, स्टड हलत नाही. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरवलं, दोन नट एकमेकांवर आवळून पाना लावला, हातोडीने हलकं ठोकलं. आता पाना सोडला की स्टड स्प्रिंगसारखा मागे येतो, म्हणजे तो नुसता पिळतोय. आणखी जोर लावला तर तुटेल.

हेड उतरवलेलं आहे, व्हॉल्व्ह काढलेत. गॅस टॉर्च आहे, वेल्डिंग नाही. हेड मूळचं आहे, ते जपायचंय, म्हणून ड्रिल अगदी शेवटी. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे स्टड नाही तर भोवतालचं हेड तापवायचं, हे कळतं. पण ॲल्युमिनियम लाल न होताच वितळतं. मग पुरेसं तापलंय हे ओळखायचं कसं? आणि स्टड गरम असतानाच फिरवायचा, की थंड होऊ द्यायचा?