विणकाम डिझाइनमध्ये का धरले जात नसे?

प्रश्न : १९१९ साली जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कला व डिझाइन शाळेने स्त्रियांना समान प्रवेशाचे आश्वासन दिले होते; तरी बहुतेकींची रवानगी विणकाम विभागातच का झाली?

उत्तर : वास्तुकला पुरुषी बुद्धीची आणि कापड बायकी आवडीचे, ही वाटणी संस्थापक ग्रोपियस यांनाही मान्य होती. (पैसा मात्र विणकामातून बरा येत होता!)

प्रश्न : पण विणकाम म्हणजे निव्वळ सजावटच नव्हे का?

उत्तर : बाउहाउसच्या विणकाम विभागातल्या ॲनी अल्बर्स यांनी जर्मनीतील बेर्नाऊ येथल्या कामगार संघटनांच्या शाळेच्या सभागृहासाठी सुती धागा आणि सेलोफेन वापरून विणलेले कापड आवाज शोषून घेई व प्रकाश परावर्तित करी. त्याला निव्वळ सजावट म्हणणे हा माझ्या मते आडमुठेपणा आहे.

प्रश्न : विणकामाबाहेरच्या विभागात कोणी स्त्री शिरू शकली का?

उत्तर : बाउहाउसच्याच विद्यार्थिनी मारियाने ब्रांट धातुकामात शिरल्या खऱ्या, पण आरंभी त्यांच्या वाट्याला कंटाळवाणी ठोकाठोकीच आली, १९२८ मध्ये मात्र त्याच विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली.